केवळाबाईचं तांबडं तिकीट

माझं नाव रेणुकादास मुदखेडकर. तीन मुलींनंतर आईनं माहूरच्या देवीकडं मुलगा मागितला आणि मी झालो, म्हणून हे नाव. माझी बायको सौदामिनी म्हणते की देवीचा यात काही दोष नाही. नवस बोलताना 'मुलगा दे' एवढंच म्हटलं, 'कामाचा दे' म्हणायचं राहून गेलं. सौदामिनीचं माहेर अर्धापूरचं. घरची केळीची बाग असल्यामुळं कुठला घड पिकणार आणि कुठला नुसताच काळा पडणार हे तिला लांबूनच कळतं. माझ्याबद्दल तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीतच मत बनवलं आणि ते आजतागायत बदललेलं नाही.

मी मूळ नांदेडचा. शिक्षण केमिस्ट्रीचं, धंदा शिकवणीचा आणि रोग तिकिटांचा. हा रोग मला तिथल्याच वजिराबादेतल्या एका किराणा दुकानात जडला. जुने दुकानदार आलेली पत्रं तारेच्या आकड्याला खोचून ठेवत आणि तार भरली की ती रद्दी पुड्या बांधायला काढत. जिऱ्याची अशीच एक पुडी सोडवताना पाकिटाच्या तुकड्यावर चिकटलेलं एक तिकीट माझ्या हाती आलं. आमच्याकडं पूर्वी राज्य निजामाचं आणि टपालही निजामाचंच, त्यामुळं तिकिटंही वेगळी. त्या इवल्याशा कागदावर उर्दू, इंग्रजी, तेलुगू आणि मराठी अशा चारही लिप्या दाटीवाटीनं बसल्या होत्या. मी हरखून गेलो आणि घरी जाऊन ते वहीत खळ लावून चिकटवलं. खळ लावली की तिकीट कायमचं वाया जातं, हे मला पुढं कॉलेजात गेल्यावर समजलं. तोवर मी वहीभर तिकिटं मोठ्या प्रेमानं मारली होती.

पुढं शिकत गेलो. भिंग आलं, चिमटा आला, तिकिटाच्या कडेचे दाते मोजायची पट्टी आली. तिकीट उजेडात धरून कागदातली जलमुद्रा कशी बघायची, ठसा ताजा की झिजलेला हे रेघांवरून कसं ओळखायचं, खरं जुनं कुठलं आणि मागाहून हौशी लोकांसाठी छापलेलं कुठलं, हे सगळं हळूहळू यायला लागलं. यात एक गंमत आहे. सरकारनं नीट छापलेल्या तिकिटाला कोणी विचारत नाही. रंग चुकला, अक्षर उलटं पडलं, कागद भलताच लागला, की भाव चढलाच म्हणून समजा. माणसांनाही हा नियम लागू असता तर मी आज लातूरच्या औसा रोडला बंगला बांधून राहिलो असतो.

लातुरात मी आलो तो क्लाससाठी. नांदेडच्या एका कॉलेजात मला नोकरी होती, पण ती दर जूनला नव्यानं मिळायची आणि दर एप्रिलला सुटायची. तेवढ्यात लातूरची पोरं बोर्डात ओळीनं झळकायला लागली, 'लातूर पॅटर्न'चा बोलबाला झाला आणि लांबलांबचे आईबाप ट्रंका, गाद्या आणि तुपाचे डबे घेऊन तिथं उतरायला लागले. भूकंप होऊन चार-पाच वर्षं झाली होती. खेड्यांत पुनर्वसनाची घरं उभी राहत होती आणि शहरात क्लासचे पत्र्याचे शेड. त्यातल्याच एका शेडात मी केमिस्ट्री शिकवायला लागलो. माझ्या बरोबरीचे सर बघता बघता मोटारीत बसले. मी मात्र सुट्टी मिळाली की एसटीनं उदगीर गाठायचो, बसलिंगप्पांकडं.

बसलिंगप्पा उदगीरचे कापडवाले. वयानं माझ्याहून बरेच मोठे, घरात कन्नड बोलणारे आणि तिकिटांच्या बाबतीत माझे गुरू. निजामी तिकिटांवर ते एक पुस्तक लिहीत होते. मी त्यांना ओळखायला लागलो तेव्हापासून लिहीतच होते. आजवर कुणाच्या नजरेला न पडलेलं तिकीट आपण शोधावं आणि त्या पुस्तकात 'मुदखेडकर प्रकार' असं ठळक अक्षरांत छापून यावं, ही माझी आयुष्यातली एकमेव महत्त्वाकांक्षा होती. सौदामिनीला मी हे कधी सांगितलं नव्हतं. तिला ते माहीत होतं.

दहावीचा निकाल लागला की क्लासचे मालक आम्हा सरांना गावं वाटून देत. चांगल्या मार्कांच्या पोरापोरींच्या घरी जायचं, पेढा खायचा, तोंडभर कौतुक करायचं आणि दुसऱ्या क्लासचा माणूस पोचायच्या आत नाव नोंदवून घ्यायचं. बाकीचे सर गुणपत्रिका मागत. मी गुणपत्रिका बघता बघता विचारायचो, "घरात जुनी पत्रंबित्रं आहेत का?" जिभेला सवयच लागली होती. त्यामुळं त्या भागात माझं नाव 'रद्दीवाले सर' पडलं. एका घरी तर मला बघून म्हातारीनं खरोखरच वर्तमानपत्रांचा गठ्ठा बाहेर आणला आणि काटा कुठाय म्हणून विचारलं.

तसाच मी एका जूनमध्ये भूकंपात पडलेल्या एका गावी अण्णारावांच्या घरी गेलो. जुनं गाव तसंच सोडून नवं गाव माळावर वसवलेलं. रस्ते सरळ, घरं सगळी सारखी. आपलं कुठलं ते कळावं म्हणून लोकांनी दारांना वेगवेगळे रंग दिलेले. अण्णाराव साठी ओलांडलेले, स्वतःची जमीन कसणारे गृहस्थ. त्यांची नात साक्षी तालुक्यात पहिली आली होती. पेढा झाला, चहा झाला, साक्षीचं कौतुक झालं आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"मामा, घरात जुनी पत्रं आहेत का?"

अण्णारावांनी माझ्याकडं बघितलं. "सर, घरच न्हाई ऱ्हायलं. पत्रं कुठली?"

धरणी पोटात घेईल तर बरं, असं माझ्या मनात आलं, आणि या गावात बसून असलं काही मनात आणायलासुद्धा नको होतं हे पाठोपाठ सुचलं. मी खाली मान घालून कपातला संपलेला चहा प्यायला लागलो. आयुष्यात मी बऱ्याचदा मूर्खासारखा बोललो आहे, पण इतकी शरम मला कधी वाटली नव्हती.

अण्णारावांच्या बायकोला, गुणाबाईंना, माझी कीव आली असावी. त्या आत गेल्या आणि एका बाजूनं चेपलेला पितळेचा पानाचा डबा घेऊन आल्या.

"सासूबाईंचा हाय," त्या म्हणाल्या. "ढिगाऱ्यातनं एवढाच निघाला. त्याच्यात एक कागूद हाय बगा. लई जपायच्या त्याला. आमाला हात लावू द्यायच्या न्हाईत."

सासूबाई म्हणजे केवळाबाई, अण्णारावांची आई. नव्वदीला आलेली ती म्हातारी त्या पहाटे घरात झोपलेली होती. हे अण्णारावांनी एका वाक्यात सांगितलं.

मी डबा उघडला. सुपारीचं खांड, वाळलेला कात, चुन्याची डबी आणि तळाशी पाकिटाचा एक कोपरा, वर अर्ध्या आण्याचं तिकीट. एरवी हे तिकीट हिरवं असतं. तसली माझ्याकडं मूठभर आहेत, कोणी फुकट नेत नाही. हे तांबडं होतं. छापलेल्या रेघा हिरव्या, पण त्यांच्या खालचा कागद जुन्या विटेसारखा तांबडा. मागच्या बाजूला थोडा पिवळसर डाग होता. जुना डिंक, मी मनात म्हटलं. भिंग लावलं, दाते मोजले, दारात जाऊन उजेडात धरलं. दाते बरोबर, ठसा ताजा, शिक्का अर्धवट पण अस्सल. निजामाच्या छापखान्यानं चाचणीसाठी तांबड्या कागदावर काही तिकिटं काढली असणार आणि त्यातलं एक चुकून टपालात गेलं असणार! कुठल्याच यादीत नाही, कुठल्याच संग्रहात नाही, आणि मिळालं कुणाला, तर रद्दीवाल्या सरांना.

"मामा, हे फार दुर्मीळ आहे," मी म्हणालो.

"इकायचं न्हाई," अण्णाराव म्हणाले.

"विकू नका. पण याचं पुस्तकात पान येईल. फोटो येईल. अशा नव्या तिकिटाला नाव देतात."

"कुणाचं?"

'शोधणाऱ्याचं' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता. तेवढ्यात अण्णाराव म्हणाले, "आईचं देतील का?"

मी भिंग खाली ठेवलं, तसे ते बोलत गेले. "गेलेल्यांची नावं लिवून घेतली, तवा कुणीतरी 'अण्णारावची आई' एवढंच सांगितलं अन् तसंच लिवलं गेलं. मी कुठं हुतो मला न्हाई ठावं. समद्यांला एकदमच अग्नी दिला. कोण कुठं गेलं, कळलं न्हाई. तिचं नाव केवळाबाई हुतं. एकदा कुटंतरी छापून येऊ द्या, सर. बास."

मी हो म्हणालो. मनापासून म्हणालो. तरीही डबा पिशवीत ठेवताना माझ्या तोंडून गेलंच, "शोधणाऱ्याचं नाव जोडायचीही रीत असते. केवळाबाई-मुदखेडकर, असं काहीतरी."

"जोडा की," अण्णाराव म्हणाले. "पर आईचं म्होरं."

या सगळ्या गडबडीत साक्षीचं नाव नोंदवायचं राहून गेलं. दुसऱ्याच दिवशी समोरच्या क्लासचा माणूस गेला आणि तिला नोंदवून आला. मालकांनी मला केबिनमध्ये बोलावून काय काय सुनावलं ते इथं लिहिण्यात अर्थ नाही. मी त्यांच्यासमोर उभा राहून पुस्तकातल्या पानाचा विचार करत होतो.

उदगीरला बसलिंगप्पांनी गादीवर पांढरं कापड पसरून तिकीट ठेवलं आणि बराच वेळ भिंगातून बघितलं. "मास्तर, असलं मी बघितलेलं नाही," ते म्हणाले. "न बघितलेलं दोन प्रकारचं असतं. एक लई मोठं, नाहीतर काहीच नाही."

मी पहिलं अर्धं तेवढं ऐकलं. त्यांच्याकडून पुस्तकातलं एक पान राखून घेतलं, मजकूरही मीच लिहून दिला. अण्णारावांना निरोप पाठवला. दर वर्षी तीस सप्टेंबरला गावात गेलेल्यांना फुलं वाहतात. या वर्षी त्या वेळी आईचं पान सगळ्यांसमोर वाचून दाखवायचं, असं त्यांनी ठरवलं आणि आसपासच्या गावांतल्या पाहुण्यांना सांगूनही टाकलं. गुणाबाईंनी म्हणे वाचणाऱ्यासाठी उपरणं आणून ठेवलं. वाचणारा मीच होतो. मी आरशासमोर दोनदा वाचून बघितलं.

आणि मग ऑगस्टमध्ये आम्ल आणि आम्लारी हे प्रकरण आलं.

दहावीच्या बॅचला मी हा प्रयोग दर वर्षी दाखवतो. हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवलेला कागद घ्यायचा आणि त्यावर चुन्याची निवळी टाकायची. पिवळा कागद तांबडा होतो. यात माझा विनोदही ठरलेला आहे. "तुमच्या आज्या हळदीत चुना घालून घरी कुंकू करायच्या," मी म्हणतो, "त्यांनी कुठं केमिस्ट्रीचा क्लास लावला होता?" पोरं हसतात, मी फळ्याकडं वळतो. त्या दिवशीही मी तेच म्हणालो, पोरं हसली, आणि मी तो ओला कागद सगळ्यांना दिसावा म्हणून खिडकीच्या उजेडात धरला.

तोच रंग. जुन्या विटेसारखा.

शेड भरून पोरं बसली होती आणि मी हात वर करून तसाच उभा राहिलो. लग्नाच्या पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद लावतात. तिकीट लावायची जागाही कोपराच. माझ्या हातातला तुकडाही पाकिटाचा कोपराच होता. मागचा पिवळा डाग डिंकाचा नव्हता. आणि तो तुकडा इतकी वर्षं पडून होता तो पानाच्या डब्यात, चुन्याच्या डबीला चिकटून. मी दाते मोजले, ठसा तपासला, शिक्का तपासला, आणि ज्या विषयावर माझं पोट चालतं तेवढा सोडून सगळं बघितलं.

"सर, पुढं?" पहिल्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"पुढं काही नाही," मी म्हणालो. पोरांनी तेही लिहून घेतलं.

घरी येऊन मी माझ्याकडच्या एका हिरव्या तिकिटाला हळद लावली, वाळवली आणि चुन्याचं बोट फिरवलं. केवळाबाई-मुदखेडकर प्रकार स्वयंपाकघराच्या ओट्यावर तयार झाला. सौदामिनी भाजी निवडत बघत होती. "आपल्या लग्नात माझ्या साडीला हळद लागली होती," ती म्हणाली, "आणि साबण लावल्यावर डाग लाल झाला, तेव्हा तुम्ही मला अर्धा तास उभं करून त्याचं कारण समजावलं होतं. आठवतंय का?"

मला आठवत होतं. फळा नव्हता म्हणून मी ते भिंतीवर खडूनं लिहूनही दाखवलं होतं.

"अण्णारावांना कधी सांगणार?" तिनं विचारलं. या वेळी ती हसत नव्हती.

मी दुसऱ्या दिवशी सकाळचीच एसटी धरली. पिशवीत डबा, ते तिकीट आणि माझी दोन-तीन हिरवी तिकिटं. वाटेत मी वेगवेगळ्या वाक्यांची जुळवाजुळव केली. त्यातलं एकही तिथं उपयोगी पडलं नाही. मी ओसरीत बसलो आणि म्हणालो, "मामा, माझी चूक झाली. ते तिकीट दुर्मीळ नाही. साधं आहे. त्याला हळद आणि चुना लागलाय."

मला वाटलं होतं, ते चिडतील किंवा खचतील. त्यांनी विश्वासच ठेवला नाही.

"कोण म्हणलं? उदगीरचं शेटजी का?"

"नाही, मीच."

"त्या दिशी तुमीच म्हणले, लई दुर्मीळ हाय. तवा काय भिंग न्हवतं?" ते सावकाश बोलत होते. "सर, अडतीवर आमी रोज बगतो. घेणाऱ्याला माल पायजे असला की तो आदी मालाला नाव ठिवतो. तुमाला आईचं नाव काढून सोताचं लावायचं आसंल, तर तसं सांगा. जोडनाव तुमीच काढलं हुतं."

ते जोडनाव मीच काढलं होतं.

मग मी गुणाबाईंकडं हळद मागितली. केवळाबाईंच्या डबीतला चुना खडीसारखा झाला होता. तो पाण्यात कालवला. माझं हिरवं तिकीट ओसरीच्या फरशीवर ठेवलं, हळद लावली, उन्हात वाळवली, वरून चुना फिरवला. ते त्यांच्या डोळ्यांदेखत तांबडं झालं. अण्णारावांनी दोन्ही तिकिटं शेजारी ठेवून बघितली.

"तुमचं भडक हाय. आईचं असं न्हाई."

"माझं आत्ताचं आहे, मामा. त्यांचं जुनं." आणि एवढ्यावर थांबावं की नाही! पण मास्तर तो मास्तर. "यावर लिंबू पिळलं तर परत पिवळं होतं," मी म्हणालो, साक्षीच्या आईकडून लिंबाची फोड मागून घेतली आणि माझ्या तिकिटावर तसं करूनही दाखवलं.

अण्णारावांचा चेहरा कठीण झाला. "मंग आईच्याला लावा. पिवळं झालं तर तुमचं खरं."

माझ्या हातात लिंबाची फोड होती आणि समोर ते तिकीट. ते पिवळं होणार याची मला खात्री होती. माझं म्हणणं सिद्ध करायला एक थेंब पुरे होता, आणि तो टाकायला माझा हात धजत नव्हता. तेवढ्यात गुणाबाईंनी तिकिटावर आपला तळवा ठेवला.

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "सर खरं बोलायलेत."

मी लिंबाची फोड खाली ठेवली.

"सासूबाई पान लावायला बसल्या की आदी चुना बोटाला घ्यायच्या. मंग त्यो कागूद काडायच्या अन् त्याच्यावर बोट फिरवायच्या, असं, हळूच. मंग पानाला चुना लावायच्या. रोजचंच हुतं. मी एकदा इचारलं, आत्या, काय हाय ह्यो? म्हणल्या, बाबांनी माझ्या लग्नाचं पत्र धाडलं हुतं, त्याचं पाकीट. बाबांच्या हातची हळद हाय."

दहा वर्षांची असताना केवळाबाई त्या घरात आली असेल. बापानं धाडलेलं पाकीट तिला सासरी सापडलं असेल आणि हळदीचा कोपरा तिनं फाडून ठेवला असेल. वाचता येत नव्हतं, म्हणून बोट फिरवायची. मी ज्याला निजामाच्या छापखान्याची करामत समजलो, ती तिच्या बोटाची होती. माझे डोळे भरून आले आणि ते लपवायला मी पुन्हा भिंग काढलं.

अण्णारावांनी तिकीट उचलून विचारलं, "सरकारनं हिरवं छापलं हुतं?"

"हो."

"तसली किती आसतील?"

"खूप. मोजता येणार नाहीत."

"अन् असलं तांबडं?"

"हे एकच."

"मंग ते आईचंच की," ते म्हणाले. "तिचंच नाव पायजे त्याला."

"पुस्तकात नाही येणार, मामा," मी म्हणालो. "डाग पडलेली तिकिटं बसलिंगप्पा घेत नाहीत."

"बरं," अण्णाराव म्हणाले. त्यांनी तिकीट डब्यात ठेवलं, डबा गुणाबाईंच्या हातात दिला आणि मला एसटीपर्यंत पोचवायला आले. वाटेत पावसावर बोलले, सोयाबीनवर बोलले. त्यांनी मला शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

तीस सप्टेंबरला मी गेलो होतो. फुलं वाहिली, मेणबत्त्या लावल्या. पान वाचायचं नव्हतं. मी मागं उभा होतो आणि आलेल्या पाहुण्यांना अण्णाराव सांगत होते, पुस्तकाचं लांबलं हाय म्हणून. त्यांनी माझी चूक कुणालाच सांगितली नाही. नवं उपरणं गुणाबाईंनी तरीही माझ्या खांद्यावर टाकलं.

त्या हिवाळ्यात मालकांनी मला दहावीच्या छापील नोट्स लिहायला बसवलं. आम्ल-आम्लारीचं प्रकरण आलं, तशी माझी लेखणी अडली. मग मी लिहिलं: 'केवळाबाई परीक्षण. हळदीच्या डागावर चुना लावल्यास डाग तांबडा होतो. लिंबाचा रस लावल्यास तो पुन्हा पिवळा होतो. सबब, हळद हा नैसर्गिक दर्शक आहे.' हे नाव कुठलं, असं मालकांनी विचारलं. जुनं आहे, मी म्हणालो, आणि ते खोटं नव्हतं. मालकांना पानं भरण्याशी मतलब होता. अण्णारावांना मात्र मी काही कळवलं नाही. एकदा लई मोठं म्हणून सांगितलं, एकदा काहीच नाही म्हणून सांगितलं. तिसऱ्यांदा कुठल्या तोंडानं सांगणार?

बसलिंगप्पांचं पुस्तक अखेर निघालं. फार सुंदर निघालं. त्याचे बरेचसे गठ्ठे अजून त्यांच्या दुकानात सतरंज्यांच्या मागं पडून आहेत. माझ्या नोट्सचं मात्र वेगळंच झालं. लातुरात नोट्स म्हणजे सार्वजनिक मालमत्ता. झेरॉक्सवाल्यांनी उचलल्या, समोरच्या क्लासनं मुखपृष्ठ बदलून आपल्या म्हणून छापल्या, तिथून त्या नांदेडला गेल्या. माझं नाव पहिल्याच नकलेत गळालं. आतला मजकूर, माझ्या शुद्धलेखनाच्या चुकांसकट, जसाच्या तसा फिरत राहिला.

बऱ्याच वर्षांनी अण्णाराव मोतीबिंदूच्या ऑपरेशनला लातुरात आले. गुणाबाई तोवर गेल्या होत्या, साक्षी नर्स होऊन पुण्याला होती. दवाखान्यातून मी त्यांना घरी जेवायला घेऊन निघालो. त्यांच्या एका डोळ्यावर हिरवी पट्टी होती, दुसऱ्यानं आधीच कमी दिसायचं, म्हणून माझा हात धरून चालत होते. क्लासच्या गल्लीत एका झेरॉक्सच्या दुकानासमोर पोरांची झुंबड होती. माझे पाय तिथं थांबले. सांगायचं तर आत्ताच, असं वाटलं, आणि सांगायचा धीर होईना. दुकानाच्या पायरीवर दोन वेण्या घातलेली एक मुलगी नोट्स उघडून पाठ करत बसली होती. ती माझी विद्यार्थिनी नव्हती.

"बाळ, केवळाबाई परीक्षण म्हणजे काय ग?" मी विचारलं.

माझ्या दंडावरचा अण्णारावांचा हात घट्ट झाला.

तिनं वर न बघता घडाघडा म्हणून दाखवलं, हळद, चुना, तांबडा, लिंबू, पिवळा. "दर वर्षी येतं परीक्षेला," ती म्हणाली. दर वर्षी काही येत नाही, पण मी बोललो नाही.

"कोण हुत्या ह्या केवळाबाई?" अण्णारावांनी विचारलं.

"जुन्या काळच्या कुणी शास्त्रज्ञ असतील, आजोबा."

"हाव," अण्णाराव म्हणाले. ते खाली वाकले, तिच्या मांडीवरच्या पानावर बोट ठेवलं आणि अंदाजानं ते ओळीवरून हळूच फिरवलं. "कुटं लिवलंय? मला दिसंना. नाव तेवढं वाचून दाव, बाई."

तिनं वाचून दाखवलं.

"आनिक एकदा."

तिला क्लासची घाई होती, पण तिनं पुन्हा वाचलं.